निकालापर्यंतचा मुक्काम

चार दिवसांसाठी रत्नागिरीला आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय रे, कसं आहे तिकडे? अंघोळीला तरी पाणी मिळतं का?" आमच्याकडच्या लोकांना मराठवाड्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक असतात : पाणी नाही आणि भूकंप झाला होता. लग्नाआधी मलाही याहून जास्त माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या बारा वर्षांत मी सासुरवाडीला गेलो तो दोन-चार दिवसांपुरता, टॉवेल-टोपी घेऊन परतणारा पाहुणा म्हणून. या खेपेला मात्र बायकोच्या मुलखात सलग आठ महिने राहिलो. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, अशी म्हण आहे. त्या हिशेबाने माझी अक्कल कधीच गेलेली आहे. वाचणाऱ्यांनी पुढचं त्या बेताने वाचावं.

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. कौशल्याबाई त्यांचं नाव. लातुरात शिकवण्यांसाठी आलेल्या मुलींची खाणावळ त्या चालवतात; घराच्या वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली त्यातल्याच एखादीला भाड्याने देतात. त्या दुखण्यातून उठल्या, चालू लागल्या, पण डावा हात भाकरीला साथ देईना. उज्ज्वला, म्हणजे माझी बायको, ही त्यांची एकुलती एक लेक. आई रत्नागिरीला यायला तयार नाही, लेक आईला एकटं सोडायला तयार नाही. मधे राहिलो मी. मी एका परदेशी जहाज कंपनीसाठी मालाची कागदपत्रं तपासतो. काम घरूनच करायचं असतं आणि घर कोणाचं, याच्याशी कंपनीला कर्तव्य नसतं. "मग मीही येतो," असं मी उज्ज्वलाला म्हटलं, आणि प्रश्न सुटला असं आम्हा दोघांना वाटलं. सासूबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

लातूर

सासूबाईंचं घर ज्या गल्लीत आहे तिथे सगळं जग परीक्षेवर चालतं. कोपऱ्यावर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो लावलेले फलक, त्याखाली चष्म्याचं दुकान, पुढे पाण्याचे जार भरून देणारा, मग चाँदभाईंचं झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान, मग आमचं घर. पहाटेपासून पाठीवर दप्तर घेतलेली पोरं जात-येत असतात. आमच्या रत्नागिरीत एवढी माणसं फक्त पालखीच्या दिवशी रस्त्यावर दिसतात.

जेवणाचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस मी भात शोधत होतो. भात शेवटी येतो, तोही मूठभर, तोंड पुसायला दिल्यासारखा. आधी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ. ते आमटीत पडलं की खाणारा माणूस बोलायचा थांबतो. जावई म्हणून माझ्या ताटात रोज काहीतरी तळलेलं जास्तीचं असायचं. सासूबाई माझ्यासमोर खाली बसत नसत, डोक्यावरचा पदर ढळू देत नसत, आणि मी तांब्या उचलला तरी घाईने पुढे येऊन हातातून घेत. घरात राहणारा माणूस आणि आलेला पाहुणा यांत फरक असतो. मी दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात जायला बघत होतो आणि त्या मला जाऊ देत नव्हत्या.

तिसऱ्या आठवड्यात केस कापायला गेलो. न्हाव्याने माझ्याकडून विद्यार्थ्याचे पैसे घेतले. मी म्हटलं, चूक झाली का? तो म्हणाला, "न्हाई न्हाई, कौशल्यामावशीचे जावई न्हवं का तुम्ही? परीक्षंवाल्याला आपन कमीच घेतो. टेन्शन घेऊ नका बापू. डोक्यावरचे गेले तरी डोक्यातलं ऱ्हातंय."

मग एकेक उलगडत गेलं. मी दुपारी कामाच्या कॉलवर इंग्रजीत बोलायला लागलो की समोरच्या घरातला टीव्ही बंद व्हायचा, तो शेजारधर्म म्हणून नव्हे. क्रिकेटवाली पोरं मला पाहून पलीकडच्या गल्लीत जायची. चाँदभाईंनी तर एके दिवशी दुकानात बोलावून जाडजूड गठ्ठा माझ्या हातात दिला. "मागल्या साली वरचा नंबर आलेल्या पोरीच्या नोटा हायत. कुनाला दावू नका. तुम तो अपने घर के है." उघडून पाहिलं तर जीवशास्त्र. बेडकाच्या पोटाची आकृती फार सुंदर काढलेली होती.

सासूबाईंना मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं. त्यांनी लपवलं नाही.

"हाव, म्याच सांगितलं, परीक्षंची तयारी करून राहिलेत म्हनून."

"पण मला नोकरी आहे. तेच सांगायचं की."

"नोकरीवाला मानूस सासरवाडीला कशाला ऱ्हाईल? लोक म्हनतील, नोकरी गेली अन् बायकूच्या जिवावर बसलाय. एकटीनं खानावळ चालवली म्या, कुनाला बोट दाखवू दिलं न्हाई. परीक्षंवाल्याला लातुरात कोन काय म्हनत न्हाई. कुठं बी ऱ्हावं, किती बी दिवस बसावं."

"कुठली परीक्षा म्हणून सांगितलंत?"

"कोन इचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. लातुरात 'परीक्षा' एवढं पुरतं. मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत. पदर नीट करून म्हणाल्या, "निकालापस्तोर ऱ्हावा. पोरींचे निकाल लागतात तवा सगळी गल्ली रिकामी होती. तवा तुम्ही बी जावा. उज्ज्वलाचं मी तिला इचारते."

उज्ज्वलाचं उत्तर मला माहीत होतं. बारा वर्षांत ती आईविषयी कधी दोन मतांनी बोललेली नाही. म्हणजे निकालानंतर ती लातुरात आणि मी रत्नागिरीत. चाळिशी ओलांडल्यावर नवरा-बायकोने दोन गावांना बिऱ्हाडं करायची, ही कल्पना मला मुळीच सोसणारी नव्हती. तसं मी उज्ज्वलाला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "जून अजून लांब आहे. आईचं मन वळतं, पण वळवायला गेलं की वळत नाही."

भूकंपाचं गाव

डिसेंबरातल्या अमावस्येला लातूर बंद होतं. संप नव्हे, येळवस. वेळ अमावस्येला ज्याचं शेत आहे तो शेतात जातो आणि ज्याचं नाही तो शेतवाल्याकडे जातो. शिकवण्यासुद्धा सुट्टी देतात, यावरून काय ते समजा. सासूबाईंचा औशाच्या पुढे दोन एकराचा तुकडा आहे. तो त्यांचे दीर कसतात.

गाव नवं आहे. भूकंपानंतर सरकारने बांधून दिलेलं. रस्ते सरळ, रुंद, घरं एकाच मापाची, ओळीत. आमच्या कोकणात दोन घरांमध्ये वाट सापडायला वेळ लागतो. इथे एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची शेळी दिसते. इतक्या वर्षांनीही म्हातारी माणसं घराच्या आत न झोपता पडवीत पत्र्याखाली झोपतात, असं दिरांनी सहज सांगितलं.

शेतात कडब्याची खोप उभारलेली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली, सगळ्यांनी खोपीला फेऱ्या मारत कानडी वळणाचं काहीतरी म्हटलं. त्याचा अर्थ विचारला तर चार जणांनी चार सांगितले. मग जेवण. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत, ती हिरव्या शेंगा, दाणे, पालेभाज्या ताकात आणि पिठात शिजवून केलेली दाट भाजी असते. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबवलेली ज्वारीची गार आंबील. आंबील ताकासारखी दिसते म्हणून मी पाच पेले प्यालो. नंतर अर्धा तास मी पांडवांच्या शेजारी आडवा होतो.

परदेशातल्या ऑफिसला येळवस माहीत नसते. तीनला कॉल होता आणि शेतात रेंज नव्हती. दिरांनी लांबवर बाभळीचं रान दाखवलं. "तिकडं उंचवटा हाय, तिथं लागतंय." मी गेलो. काट्यांतून वाट काढत एका चौथऱ्यासारख्या दगडांवर बसलो, आणि तांब्याच्या पत्र्यांनी भरलेलं एक जहाज कुठल्या बंदरात का अडकलं आहे, यावर तासभर इंग्रजीत बोललो. मधेच लक्ष गेलं तर सासूबाई थोड्या अंतरावर काठी टेकून उभ्या होत्या. मी खूण केली, पण त्या हलल्या नाहीत. कॉल संपेपर्यंत थांबल्या.

"झालं का काम?" त्यांनी विचारलं. माझ्या कामाला त्यांनी काम म्हणण्याची ती पहिली वेळ.

"झालं. तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

"आमची वसरी हाय ही. तुम्ही बसलाय ती."

वसरी म्हणजे ओसरी. मी उठून उभा राहिलो. जुनं गाव तेच होतं, हे दिरांनी सांगितलं नव्हतं, किंवा मला कळेल असं त्यांना वाटलं असेल. सासूबाई म्हणाल्या, "बसा. बसायलाच व्हती ती." मग त्यांनी जे सांगितलं ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. भूकंपाच्या रात्री उज्ज्वलाला ताप होता, म्हणून तिला घेऊन त्या लातूरला दवाखान्यात होत्या. घरात मालक आणि सासू. दगडाच्या भिंती, वर माती. सकाळी बातमी आली तेव्हा त्या गावाकडे निघाल्या, पण ओळखीची वाटच सापडेना. त्यानंतर त्या लातुरातच राहिल्या. तेव्हा बाहेरगावची पोरं शिकवणीला येऊ लागली होती, त्यांना कुणीतरी भाकरी करून घालायला हवी होती. "लेकीला लांब दिली ती त्याच्यापायीच," त्या म्हणाल्या. "कोकनातली जिमीन हालत न्हाई म्हनून."

कोयनेच्या धक्क्यांनी आमच्याकडे भांडी महिन्या-दोन महिन्यांनी वाजतात, हे मी बारा वर्षांत त्यांना सांगितलेलं नाही. तेव्हाही सांगितलं नाही. परतताना मला त्यांच्याशी काही चांगलं बोलायचं होतं, पण सुचलं ते एवढंच, की आंबील जास्त झाली. त्या म्हणाल्या, "दिसतंय."

नांदेड आणि माहूर

चैत्रात सासूबाईंनी माहूरची रेणुका काढली. दुखण्यातून उठल्याचा नवस होता. गल्लीने मात्र तो माझ्या परीक्षेचा धरला आणि बायकांनी आपापले नारळ आमच्याबरोबर दिले. पोत्यात अकरा नारळ घेऊन आम्ही तिघं निघालो. कोकणातून नारळ बाहेर जाताना पाहिले होते, मराठवाड्यातून डोंगरावर जाताना पहिल्यांदा पाहिले.

नांदेडला मुक्काम चाँदभाईंच्या बहिणीकडे होता. साबेराआपा त्यांचं नाव. घरात तीन पिढ्या शेरवान्या शिवण्याचं काम. बाहेरच्या खोलीत कातरलेल्या जरीचे तुकडे, आत गोदावरीच्या बाजूला उघडणारी खिडकी. आपांनी सासूबाईंसाठी नव्या पातेल्यात भाज्यांचा भात, म्हणजे तहरी केली आणि पातेलं नवं आहे हे दोनदा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जुन्यात केली असती तरी खाल्ली असती. भूकंपात आमाला कुनी-कुनी जेवू घातलं त्याची जात इचारली न्हाई आमी." त्यावर दोघी बराच वेळ पापडांवर बोलत बसल्या.

निघताना आपांनी माझ्या उजव्या दंडाला हिरव्या कापडाची पट्टी बांधली. आत नाणं शिवलेलं होतं. "इमाम जामिन है. सफर को, इम्तिहान को जानेवाले को बांधते हमारे में. अब डरना नको." गाठ नीट बसेपर्यंत त्यांनी ती तीनदा सोडून बांधली. मला लाज वाटली. खोटं बोलणाऱ्याला एक वेळ खपून जातं. खोट्याला कुणी एवढ्या मायेने गाठ मारली की ते दंडाला रुततं. उज्ज्वला खिडकीबाहेर बघत होती.

माहूरचा डोंगर दिसला तेव्हा एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला घरची आठवण आली. झाडी, वळणं, पालापाचोळ्याचा वास. पायऱ्यांवर सासूबाईंचा डावा पाय मागे राहू लागला. उज्ज्वला नारळांचं पोतं सांभाळत पुढे गेली होती. दोन पायऱ्या त्या भिंतीला धरून चढल्या, मग थांबल्या, आणि त्यांनी माझा दंड धरला. जावयाला हात लावायचा नाही ही रीत कुठल्याशा पायरीवर राहून गेली. वरपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

गाभाऱ्यात पुजाऱ्यांनी विचारलं, "संकल्प कशाचा?" मी कान टवकारले. देवीसमोर या बाई काय सांगणार, याची मला खरोखर उत्सुकता होती. त्या म्हणाल्या, "तिला ठाव हाय. तुम्ही नारळ फोडा." मी माझ्यापुरतं मागून घेतलं. काय मागितलं ते उघड आहे : जूननंतर मला इथून जायला लागू नये. एरवी मी देवाकडे फारसा जात नाही, त्यामुळे भीडही वाटली. प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा गोळा मिळाला. तो खाल्ल्यावर आम्हा तिघांची तोंडं लाल झाली.

कंधार

वरच्या खोलीत नायगावची प्रणिता राहत होती, डॉक्टरकीच्या परीक्षेची मुलगी. तिचं ते दुसरं वर्ष. तिच्याकडून मला कळलं, की पहिल्या खेपेला न जमलेली मुलं गावी परत जात नाहीत. रिपीटर म्हणून त्याच खोलीत, त्याच खाणावळीत आणखी वर्षभर राहतात, आणि गल्ली त्यांना जरा जास्तच जपते. "रिपीटरला पहिली भाकरी," असा सासूबाईंचा नियमच होता. हीच प्रणिता एकदा जेवताना हळूच म्हणाली, "काका, तुम्ही परीक्षा देतच नाही ना? परीक्षावाला माणूस इतका शांत जेवत नाही." मी तिला बर्फी दिली. तिने कुणाला सांगितलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी गल्लीने मला परीक्षेला पाठवलं. केंद्र कंधारला आलंय, असं सासूबाई कुणाला तरी बोलून बसल्या होत्या. दही-साखर झाली, चाँदभाईंनी दोन पेनं खिशात खोचली, आणि मी एसटीने दिवसभराच्या परीक्षेला निघालो. काय करणार? कंधारचा किल्ला पाहिला. खंदकात उन्हाळ्यातही हिरवं पाणी होतं, तटावर पोपट होते, आणि माणूस म्हणून मी एकटा. सावलीत बसून शेंगा खाल्ल्या. चहावाल्याने विचारलं, "परीक्षेला आलाव काय?" खिशातली पेनं त्याला दिसली असावीत. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "पेपर कसा गेला?" मी म्हटलं, "सोपा होता, पण मला काही येत नव्हतं." त्या दिवशी मी बोललेलं ते एकमेव खरं वाक्य असेल.

पुन्हा लातूर

जूनमध्ये निकाल लागला. दुपारी हलगी वाजायला लागली, फलकांवरचे जुने फोटो उतरले. प्रणिताला मार्क चांगले पडले. तिचे वडील नायगावहून पेढे घेऊन आले, आणि त्या बापाला गल्लीसमोर रडताना पाहून मी आत येऊन बॅग काढली. शर्ट भरू लागलो. उज्ज्वला दारात उभी होती. "आई काही बोलली?" मी विचारलं. ती नाही म्हणाली आणि माझ्या हातातला शर्ट घेऊन पुन्हा नीट घडी करू लागली. मी तिला म्हटलं, "दर महिन्याला येत जाईन." ती म्हणाली, "हो." आम्हा दोघांनाही ते खोटं वाटलं.

बाहेर पेढे वाटून झाले आणि चाँदभाईंनी तो प्रश्न विचारला, जो आठ महिने गल्लीच्या पोटात होता. "मावशी, अन् आपल्या बापूचं काय झालं?"

मी बॅग तशीच ठेवून ओट्यावर आलो. चार बायका, पाण्याच्या जारवाला, न्हावी, प्रणिताचे वडील, सगळे सासूबाईंकडे पाहत होते. त्यांच्या हातात पेढा होता. त्या पेढ्याकडे बघत म्हणाल्या, "न्हाई जमलं."

कुणीतरी चुकचुकलं. चाँदभाई म्हणाले, "मग आता वापस?"

"वापस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "रिपीट करतील. वरची खोली मोकळी झालीया, ती कुनाला देत न्हाई मी आता. तिथं बसतील. मन लावून केलं तर दोन वर्सं लागू दे, चार लागू दे." मग आवाज चढवून, गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत जाईल असा, "घरचंच मानूस हाय. कुठं जातंय."

चाँदभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझं तोंड हसण्यासाठी उघडत होतं आणि ते काही केल्या मिटेना, म्हणून मी मान खाली घालून दोन्ही हातांनी चेहरा झाकला. खांदे हलत राहिले. डोळ्यांतून पाणीही आलं, ते कशाचं होतं मला अजून सांगता येत नाही. चारही बायका एकदम पुढे झाल्या.

"रडू नका बापू," त्यातली एक म्हणाली, "अजून एक वरीस हाय की."